गाळणीचा गुन्हा

जुनी गाडी घाटात बंद पडली की तिच्याभोवती जमणारा प्रत्येक माणूस डॉक्टर असतो. बोरघाटात तर असतोच असतो. कोणी म्हणतो प्लग बघा, कोणी म्हणतो कॉइल गेली, कोणी रेडिएटरचं झाकण उघडायला धावतो आणि हात पोळून घेतो. इंजिन बसलं असं छातीठोक सांगणाराही एखादा निघतोच. मोठी गाडी बंद पडली म्हणजे कारणही मोठंच असणार, असं माणसाला वाटतं. पण पुष्कळदा कारण अंगठ्याएवढं असतं. पेट्रोलच्या पाइपात बसवलेली गाळणी, म्हणजे फिल्टर, तुंबलेला असतो.

दहावीनंतर मी तीन वर्षं लोणावळ्यात जुन्या हायवेलगतच्या एका गॅरेजात हेल्पर होतो. पुढे घरची शेती हातात आली आणि पान्हा सुटला, तरी त्या तीन वर्षांत जे शिकलो त्यातलं बरंच आजही कामाला येतं. तेव्हा एक्स्प्रेस वे नव्हता. तो 2002 साली पुरा झाला. मुंबईहून येणारी प्रत्येक गाडी खोपोली सोडून, शिंग्रोबाला नाणं टाकून, घाट चढून आमच्या दारावरून जायची. आणि गाड्या तरी किती प्रकारच्या? एक अँबॅसडर आणि एक फियाट. फियाट म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात बनलेली. तिचं नाव पुढे प्रीमियर पद्मिनी झालं, पण लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरात नोंदवलेली होती. वीस वर्षांचं आयुष्य संपलं म्हणून 2023 च्या ऑक्टोबरात तीही रस्त्यावरून गेली. आता या गाड्या आमच्या भागात दिसतात त्या बंगल्यांच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली. मालक हौशी असतात आणि दिवाळीला एकदा बाहेर काढतात. गाडी गेटपर्यंत जाते, चढ लागला की झटके देते आणि बंद पडते. मग राखणदार मला बोलावतो. म्हातारा झालो तरी फियाटचं पेट्रोल कुठून कुठे जातं ते मी विसरलेलो नाही.

ती वाट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

टाकी मागे आणि इंजिन पुढे. टाकीतून एक बारीक पाइप गाडीच्या पोटाखालून पुढे येतो. इंजिनाच्या अंगाला पेट्रोल पंप असतो. त्याच्या आतला पडदा वरखाली होतो आणि पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरकडे ढकलतो. या वाटेवर कचरा अडवायच्या जागा एकापेक्षा जास्त असतात. पहिली पंपाच्या झाकणाखालची तारेची बारीक जाळी. दुसरी कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, जिथे पाइप शिरतो तिथली. आणि तिसरा कागदी फिल्टर, जो मिस्तरी लोक मधल्या रबरी पाइपात बसवतात. तो पारदर्शक प्लॅस्टिकचा असतो आणि त्याच्या अंगावर बाण असतो. बाण कार्ब्युरेटरकडे हवा. नवीन पोरगं एकच फिल्टर बदलतं, दोन जाळ्या तशाच ठेवतं आणि मग म्हणतं, बदलला तरी गाडी तशीच. सगळ्या जागा माहीत असणं हे निम्मं काम.

बरं, दोष गाळणीचाच कशावरून? तेही तपासायचं असतं. मे महिन्यात घाटात इंजिन तापलं की पेट्रोलची पाइपातच वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. तेव्हा पंपावर ओलं फडकं टाकून पंधरा-वीस मिनिटं चहा प्यायचा, गाडी आपोआप चालू होते. फिल्टर तुंबला असेल तर लक्षण वेगळं. सपाटीला गाडी गुमान चालते, चढाला जोर मागितला की मरते. आणि टाकीला हवा आत घेणारं छिद्र बुजलं असेल तर टाकीचं झाकण उघडताच फुस्स आवाज येतो आणि गाडी लगेच सुधारते. तीन दुखणी दिसायला सारखी, औषधं तीन.

फिल्टर बदलायची रीत साधी आहे. इंजिन थंड होऊ द्यायचं. जवळ बिडी-काडी नको. बॅटरीची वायर काढायची. खाली भांडं धरायचं, क्लिपा ढिल्या करायच्या, पाइपाला बूच मारायचं. रबरी नळीला भेगा असतील तर ती पण बदलायची. नवा फिल्टर बाण बघून बसवायचा, क्लिपा आवळायच्या, गाडी चालू करून कुठं पाझरतंय का ते बोटानं नाही, डोळ्यानं बघायचं.

पण आमच्या मिस्तरींची यापुढे एक जास्तीची पायरी होती. काढलेला फिल्टर ते फेकू द्यायचे नाहीत. पांढऱ्या चिनीमातीच्या बशीत तो उलटा झटकायला लावायचे. त्यातून काय पडतं ते बघायचे. तांबडी पूड पडली तर टाकी गंजलीय. पेट्रोलखाली पाण्याचे मणी फिरताना दिसले तर आमच्या पावसानं टाकीत घाम आणलाय. लोणावळ्यात चार महिने कपडा वाळत नाही, अर्धी रिकामी टाकी कोरडी कशी राहील? काळे तुकडे निघाले तर रबरी नळी आतून झडतेय. "आरं, फिल्टर नव्हं, टाकी आजारी हाय. ह्यो बिचारा सांगतोय नुस्ता," असं ते म्हणायचे.

आता मुद्द्यावर येतो.

घाटात गाडी अडकलेल्या माणसाला घाई असते. गाडीत बायकापोरं असतात, अंधार पडत असतो. तेव्हा काही मिस्तरी एक सोपा उपाय करायचे. फिल्टर काढून टाकायचा आणि पाइप सरळ जोडायचा. याला गॅरेजात 'डायरेक्ट मारणं' म्हणतात. गाडी अशी पळते की मालक खूष होऊन वर चहापाणी देऊन जातो. आमच्या मिस्तरींनी ते कधी केलं नाही. एकदा एक गिऱ्हाईक त्यांच्यावर चिडलं, "अहो, तो अडथळा काढून टाका ना. नसताना गाडी चांगली पळते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." मिस्तरी म्हणाले, "साहेब, पळती, बराबर हाय. कुठवर पळंल ते मला ठावं हाय." कार्ब्युरेटरच्या जेटचं छिद्र दीड मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. टाकीतला गंज एक दिवस तिथं जाऊन बसतोच. मग दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं, आणि ते कुठल्या आडवळणावर करायची वेळ येईल ते सांगता येत नाही.

त्या गिऱ्हाइकाचं बोलणं मी पुढे चाळीस वर्षं निरनिराळ्या तोंडांतून ऐकलं. अडथळा काढून टाका, म्हणजे पळेल. आणि प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे. गाडी अडली, त्यात गाळणीचा गुन्हा किती? जो कचरा अडवतो तोच तुंबतो. ज्यानं काहीच अडवलं नाही तो पाइप शेवटपर्यंत स्वच्छ दिसतो. बघणाऱ्याला दिसतो तो तुंबलेला. मग शिव्या कोणाला?

जुन्या गाड्यांचं आणखी एक आहे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. ते उसापासून, मळीपासून, मक्यापासून होतं, म्हणजे आपल्या शेतकऱ्याचाच माल आहे, माझी त्याच्याशी काही तक्रार नाही. पण ते पाणी शोषतं, आणि जुन्या टाकीच्या बुडाशी वर्षानुवर्षं गप बसलेला थर सोडवतं. सुटलेला थर पुढे येतो आणि फिल्टर भराभर तुंबतात. मालक म्हणतात, हल्लीचे फिल्टर हलके. फिल्टर आहे तोच आहे. तळाची घाण हललीय.

आमच्या मावळातही तसंच झालं. पवन मावळ घ्या, नाणे मावळ घ्या नाहीतर आंदर मावळ घ्या, रस्ता आला, धरणाकाठी बंगले आले, गुंठ्याचा भाव फुटला. नवा पैसा घरात शिरला आणि बुडाशी बसलेलं सगळं वर आलं. आज्याच्या वाटणीतला अन्याय, बांध कोरलेला, कोणाच्या लग्नात कोणी जास्त खर्च केलेला. आधीही ते होतंच, पण भातशेतीच्या पैशात ते हलवायची ताकद नव्हती.

आमच्या भावकीत एक घर आहे. तीन भाऊ आणि एक थोरली बहीण. बहीण लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी आली आणि माहेरीच राहिली. सगळे तिला आक्का म्हणायचे, मीही. बाप गेल्यावर वारस म्हणून तिघा भावांबरोबर तिचंही नाव सातबाऱ्यावर चढलं. पुढे एजंट यायला लागले. चहा झाला, आकडा झाला, की कागद फिरत फिरत आक्कापुढे यायचा आणि थांबायचा. तिला अक्षर येत नव्हतं. ती तीन गोष्टी विचारायची. "खालच्या वावरात जायची वाट कुणाकडं ऱ्हाती? हीर कुणाच्या वाट्याला जाती? पैका कुणाच्या नावावर बसतो?" बस. एजंटाला या तीन प्रश्नांची उत्तरं नीट देता यायची नाहीत, आणि व्यवहार मोडायचा. असे दोन मोडले. घरात तिला काय काय म्हणायचे ते मी ऐकलेलं आहे. आडवी बाई, घराला लागलेली खीळ, हिच्यामुळं आम्ही मागं राहिलो.

तिनं प्रत्येक कागद अडवला असं मात्र नाही. धाकट्या भावाच्या पोराच्या हृदयाला भोक निघालं, पुण्यात ऑपरेशन ठरलं, तेव्हा ओढ्याकाठचा तुकडा विकायची गोष्ट निघाली. वाट दुसरीकडून होती, विहिरीचा संबंध नव्हता, पैसा कशाला लागतोय ते समोर दिसत होतं. त्या दिवशी पहिला अंगठा तिचा. भाऊ अजून आकड्याची घासाघीस करत होते. ही गोष्ट नंतर कोणी बोलून दाखवत नसे. अडवलेलं लक्षात राहतं, सोडलेलं राहत नाही.

शेवटी भावांनी तिच्याकडून हक्कसोड करून घेतलं. कोणी दमदाटी केली नाही. "आक्का, तुला या वयात हेलपाटे कशाला," एवढंच म्हणाले. ती पण थकली होती. घरात उठता-बसता टोचून बोललं तर माणूस किती दिवस धरून राहील? अंगठा देऊन आली आणि त्या दिवसापासून कशात बोलली नाही. घर डायरेक्ट झालं. चार महिन्यांत मोठा व्यवहार झाला, दारात दोन चकचकीत गाड्या उभ्या राहिल्या. गाव म्हणालं, बघा, म्हातारी बाजूला झाली आणि घर कसं पळायला लागलं.

दोन पावसाळे गेले. घेणाऱ्यानं कंपाउंड घातलं. विहीर कंपाउंडच्या आत गेली, आणि खालच्या वावराची वाट पण आत गेली. कागदावर वाट ठेवलेली नव्हती. उरलेल्या जमिनीत आता ट्रॅक्टर जात नाही. दुसऱ्याच्या बांधावरून, त्याच्या हातापाया पडून, भाताच्या रोपाच्या मुठी डोक्यावरून न्याव्या लागतात. आक्का ओसरीवर बसून ते बघते. मी असं सांगत होते, असं ती एकदाही म्हणालेली मी ऐकलं नाही.

आता कोणी म्हणेल, मग काय, जो जो आडवा येईल त्याला देव मानायचं का? तसं मुळीच नाही. गावात आडवं येणाऱ्यांचा तोटा नाही. एखाद्या कचेरीतला बाबू फाइल दाबून बसतो, तोही अडवतोच. बांधाच्या वितीसाठी सात वर्षं कोर्टात जाणारा भाऊबंद अडवतो. सुनेनं शिकायला जायचं म्हटलं की सासरा अडवतो. यांनाही आपण गाळणी आहोत असंच वाटत असतं. प्रत्येक जण म्हणतो मी घराचं भलं बघतो, मी नियम बघतो.

इथे मला मिस्तरींची बशी आठवते. उलटं झटकून बघा, काय पडतं. बाबूच्या फाइलीतून काय पडतं? चांगल्या माणसाचा अर्ज, विधवेची पेन्शन. त्यानं पेट्रोलच अडवलेलं आहे, कचरा पुढे सोडलेला आहे, कारण कचऱ्यानं पैसे दिले. तो टाकीच्या झाकणाचं बुजलेलं छिद्र. कुंभारीण माशीनं मातीचं घर करून ठेवलंय, आणि ते काढून टाकण्यातच शहाणपण आहे. आक्काची बशी बघा. दोन व्यवहार अडवले, त्यांतली कलमं आज कोणालाही विचारा, गंजच निघेल. एक सोडला, त्या पैशानं पोरगं जगलं, आज ते पोरगं टेम्पो चालवतं. म्हणून कोणी आडवं आलं की आधी दोन गोष्टी बघाव्यात. त्यानं अडवलं काय, आणि सोडलं काय. नुसता अडवतो म्हणून शिवी देऊ नये, आणि नुसता अडवतो म्हणून पायाही पडू नये.

पण एक गोष्ट फिल्टरपाशी संपते आणि माणसापाशी सुरू होते. फिल्टर भरला की फेकायचा, नवा घालायचा. काही लोक कागदी फिल्टर उलट्या बाजूनं हवा मारून परत वापरतात. दिसायला तो स्वच्छ होतो, पण कागदाचे धागे फाकलेले असतात आणि पुढे कचरा जातो. माणसाचं तसंच. टोचून टोचून, फुंकून फुंकून ज्याला गप केलं तो दिसायला शांत दिसतो, पण आता तो काही अडवत नाही. आणि माणूस काही दुकानात नवा मिळत नाही. मग जो वर्षानुवर्षं घराचा गाळ अंगावर घेतो, त्याचं आपण काय देणं लागतो?

याचं उत्तर मला दोन ठिकाणी सापडलं. एक माझ्या ट्रॅक्टरमध्ये. डिझेलला दोन फिल्टर असतात, एकामागं एक. पहिला जाडाभरडा कचरा आणि पाणी घेतो, दुसऱ्याकडे बारीक तेवढं जातं. पहिल्यानं वजन उचललं म्हणून दुसरा टिकतो. बदलल्यावर आत अडकलेली हवा पण काढावी लागते. स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहायचं, बुडबुडे संपेपर्यंत. धीर धरला नाही तर नवा फिल्टर घालूनही ट्रॅक्टर उठत नाही. घरातही 'नाही' म्हणायचं काम एकाच्याच गळ्यात घातलं की ते माणूस तुंबणारच. आक्काबरोबर एका भावानं जरी तोच प्रश्न विचारला असता, तरी ती आडवी बाई ठरली नसती.

दुसरं उत्तर पाण्याच्या फडक्यात. माझ्या लहानपणी नारू म्हणून रोग होता. पायातून दोऱ्यासारखा हातभर जंत निघायचा, माणूस ऐन पेरणीत महिना महिना अंथरुणाला. त्याला ना लस होती, ना गोळी. तो गेला तो पायरीच्या विहिरी बंद करून, हातपंप बसवून आणि घरोघर हंड्यावर फडकं बांधून. देशातला शेवटचा रोगी 1996 साली राजस्थानात सापडला, आणि 2000 साली भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्या फडक्याचा एक नियम होता. वरची बाजू नेहमी वरच राहिली पाहिजे, आणि वापरल्यावर ते धुतलं पाहिजे. ज्या फडक्यानं रोग अडवला ते रोज धुवून, झटकून, वाळत घालायचं. कोणी त्याला मळकट म्हणून शिवी दिली नाही. ते मळकट का झालं ते सगळ्यांना माहीत होतं.

माणसाला धुणं म्हणजे काय? माझ्या मते त्याचं ऐकून घेणं, बसवून विचारणं की तू का अडवलंस. पटलं नाही तरी विचारणं. त्यानं अंगावर घेतलेलं निम्मं तिथंच उतरतं. आणि तेवढ्यावर न थांबता टाकीकडे जाणं, म्हणजे हा गाळ येतोय कुठून ते बघणं. गाळणीला शाबासकी देऊन टाकी तशीच गंजत ठेवली, तर ती शाबासकी फुकटची.

आमच्या घरी आता कागद आला की सूनबाई तो मोठ्यानं वाचते. ती पदवीधर आहे. मग आक्काचे तीन प्रश्न विचारायचे, वाट, विहीर आणि पैसा कोणाच्या नावावर. एक प्रश्न मी विचारतो, एक मुलगा, एक सून, आणि दर वेळी पाळी बदलतो, म्हणजे एकच जण वाईट दिसत नाही. एजंट मंडळी आमच्या दारात हल्ली जरा कमीच येतात. मागच्या महिन्यात एक आला होता, दुसरा प्रश्न झाल्यावर घड्याळ बघून म्हणाला, "दादा, तुमच्याकडे फार वेळ जातो." सूनबाईनं त्याला आणखी एक कप चहा दिला आणि तिसरा प्रश्न विचारला.